शेवाळे सरांचा आवाज

हणमंत शेवाळे शिकवायला उभे राहिले की वर्गातला पंखासुद्धा आवाज करायचा थांबतो, असं कऱ्हाडच्या कॉलेजातली मुलं म्हणत. त्यात थोडी अतिशयोक्ती होती, पण फार नव्हती. खिशातल्या यंत्राला विचारलं की कुठलंही गणित पायऱ्यांसकट सुटून यायचं, असा तो काळ. इतर गणित शिक्षकांचे वर्ग ओस पडलेले, शेवाळे सरांचा मात्र भरलेला. मुलं तिथं उत्तरासाठी येतच नसत. फळ्यावर गणित लिहून झालं की सर खडू खाली ठेवत, मान तिरकी करत आणि म्हणत, "हां... आता हे कुठनं धरायचं?" मग गप्प बसत. त्या गप्प बसण्यात सगळा वर्ग त्यांच्याबरोबर श्वास रोखून धरी, आणि सरांच्या डोळ्यांत चमक आली की वर्गाच्या डोळ्यांत येई.

त्यांची मुलगी प्रमिती या गप्प बसण्याच्या सावलीतच वाढली. डाळ निवडताना, जिना चढताना, स्कूटरवर मागे बसून कॉलेजला जाताना बापलेकीचं गणित चालूच. आई वैजयंती सरकारी दवाखान्यात औषधं द्यायचं काम करायची. ती म्हणायची, "या दोघांच्या मध्ये बोलायचं म्हणजे चालत्या गाडीत चढायचं."

प्रमितीला गणित विद्यापीठात जायचं होतं. देशात तशी जागा एकच. आणि तिथली प्रवेश परीक्षा आता पार बदलली होती. यंत्रं सगळं सोडवतात म्हटल्यावर विद्यापीठाला सोडवणारी मुलं नकोच होती. कधी न पाहिलेल्या प्रश्नासमोर एकटं बसून कोण तग धरतं, एवढंच त्यांना बघायचं होतं. म्हणून प्रत्येक उमेदवाराला एका लहानशा बंद खोलीत बसवत. मोजके प्रश्न, कोरे कागद आणि अख्खा दिवस. ना पर्यवेक्षक, ना शेजारी कुणी. परीक्षेला भारदस्त नाव होतं, पण मुलं तिला 'कोंडी' म्हणायची.

त्या वर्षीच्या कोंडीला सहा-सात महिने असताना नाझनीन काझी सरांच्या घरी आली. ती सरांचीच जुनी विद्यार्थिनी. कऱ्हाडच्याच बुधवार पेठेतल्या काझी टेलर्सची मुलगी, आता पुण्यात मेंदूवर संशोधन करणारी डॉक्टर. सोबत तिने दोन टोप्या आणल्या होत्या.

"सर, चांगला शिक्षक शिकवतो तेव्हा दोन डोक्यांत काय होतं, हे आम्ही मोजतोय," ती म्हणाली. "माझ्या आयुष्यात चांगला शिक्षक म्हणजे तुम्ही. म्हणून पहिली तुमच्याकडे आले."

सर लाजले, पण त्यांना ते आवडलं.

टोप्या कापडी होत्या, आतून तांबड्या प्रकाशाचे बारीक दिवे लावलेल्या. नाझनीनने समजावून सांगितलं. हा प्रकाश कवटीतून बोटाच्या पेराएवढा आत जातो आणि परत येतो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे ताजं रक्त धावतं. ताज्या रक्ताचा रंग वेगळा, त्यामुळे परतलेला प्रकाश सांगतो की आत कुठं काम चाललंय. एका माणसाचं हे फार पूर्वीपासून मोजता येत होतं. नवी गंमत दोघांची होती. दोन माणसं मन लावून बोलू लागली की त्यांच्या मेंदूतले चढउतार एकमेकांच्या पावलावर पाऊल टाकू लागतात. गोष्ट सांगणाऱ्याच्या मेंदूत जे उमटतं तेच ऐकणाऱ्याच्या मेंदूत थोड्या वेळाने उमटतं. ही जुळणी जितकी घट्ट तितकं शिकणं पक्कं.

बापलेक टोप्या घालून समोरासमोर बसले. नाझनीनच्या लॅपटॉपच्या पडद्यावर दोन रेघा धावू लागल्या, सरांची निळी आणि प्रमितीची केशरी. नाझनीन आधी कौतुकाने बघत होती. मग ती पुढे झुकली आणि बघतच राहिली.

"इतर मुलांची रेघ शिक्षकाच्या मागनं चालते," ती म्हणाली. "हिची सरांच्या बरोबरीनं चालतेय. मधूनमधून तर पुढं जातेय. सर काय विचार करणार ते हिला आधी कळतंय!"

"मला माहितीच असतं," प्रमिती हसून म्हणाली. "पप्पांच्या भुवयांवरनं कळतं."

वैजयंतीने त्या दिवशी शिरा केला. सरांनी तो दोनदा मागून घेतला.

पुढचे काही आठवडे प्रमिती रोज सकाळी टोपी घालून अभ्यासाला बसायची आणि मोजमाप पुण्याला जायचं. कधी वडिलांबरोबर, कधी एकटीने, असं नाझनीनने सांगून ठेवलं होतं. नंतर एके दिवशी नाझनीन न कळवता थेट कॉलेजात आली. सर शिक्षकांच्या खोलीत पेपर तपासत होते. तिने दार लोटून घेतलं.

"सर, एक बोलायचंय. कसं बोलू कळत नाही."

"गणितासारखं बोल. काय दिलंय, काय काढायचंय."

तिला हसू आलं नाही. तिने लॅपटॉप उघडून समोर ठेवला. "अनोळखी प्रश्न समोर आला की माणसाच्या मेंदूत दोन फौजा आळीपाळीने कामाला लागतात. एक मोकाट भटकते, कुठलं कुठं नेऊन जोडते. दुसरी त्यातलं काय कामाचं ते तपासते. अडलेल्या माणसाच्या डोक्यात ही ये-जा तासन् तास चालते. दमवते, पण नवं काही सुचतं ते त्यातनंच. हे बघा, हे एका साधारण मुलाचं." रेघ वर-खाली, वर-खाली जात होती, वाट चुकलेल्या कुत्र्यासारखी. "आणि हे प्रमितीचं, एकटी असतानाचं."

प्रमितीची रेघ झपकन वर गेली, थोडी फिरली आणि मग सपाट झाली. बराच वेळ सपाटच राहिली.

"दमली असेल," सर म्हणाले.

"मलाही तसंच वाटलं होतं. पण दमलेला मेंदू असा दिसत नाही. हा आकार मी ओळखते, सर. तुमच्यासमोर बसल्यावर, तुम्ही 'हे कुठनं धरायचं' म्हणून गप्प होता ना, तेव्हा तिचा मेंदू अगदी असाच दिसतो." नाझनीनने सपाट रेघेवर बोट ठेवलं. "ती शोधत नाही सर. ती वाट बघतेय."

"कुणाची?"

नाझनीनने त्यांच्याकडे बघितलं. सर पडद्याकडे बघत राहिले. बाहेर घंटा झाली, मुलांचा गलका उठला आणि मावळला.

"बुद्धी कमी आहे का तिची?"

"अजिबात नाही. तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त आहे. तुम्ही समोर असता तेव्हा ती तुमच्याही पुढं धावते. फक्त..." ती थांबली. "तुम्ही तिला कधी अडू दिलं नाही, सर. मुद्दाम नाही. तुमचा चेहराच तिला सांगत आला."

"मग मी समोर बसत नाही," सर लगेच म्हणाले. गणित सुटल्यासारखा त्यांना हुरूप आला. "एवढंच ना?"

त्यांनी प्रमितीला काही सांगितलं नाही. कॉलेजात कामं वाढलीत, आता तुझी तू कर, असं म्हणून ते सकाळी घराबाहेर पडू लागले. कृष्णा-कोयनेच्या संगमावर जाऊन बसायचे, पाण्याकडे बघायचे आणि घड्याळाकडे बघायचे. प्रमितीने एखादी कल्पना घेऊन धावत यावं आणि त्यांनी "नंतर बघू" म्हणावं, असं रोज होऊ लागलं. पहिल्यांदा ती गोंधळली, मग तिने येणं सोडलं. जेवताना भाकरीचा तुकडा मोडायची आणि तसाच ताटात ठेवून उठायची.

शेवटी वैजयंतीनेच एक दिवस पाण्याचा तांब्या टेबलावर आदळला.

"काय केलंय तिनं? पोरगी आतल्या आत झुरतीय. बोलत का नाही तुम्ही तिच्याशी?"

सरांनी दाराकडे बघितलं आणि हळू आवाजात सगळं सांगून टाकलं. वैजयंतीने ऐकून घेतलं.

"म्हणजे इतकी वर्षं जे केलं ते..." ती अर्ध्यावर थांबली.

"हो."

"तिला सांगायला पाहिजे."

"सांगून काय होणार?"

"निदान तुम्हाला ती नकोशी झालीय, असं तरी तिला वाटणार नाही."

दारात प्रमिती उभी होती. तिने किती ऐकलं होतं कोण जाणे, पण पुरेसं ऐकलं होतं.

"टोपीत दिसलं हे?" तिने विचारलं.

"मितू, बस जरा," सर म्हणाले.

"दिसलं का ते सांगा."

"दिसलं."

ती बसली नाही. "मला वाटलं मी चुकले कुठंतरी. दीड महिना मी शोधतेय की माझं काय चुकलं." मग तिचा आवाज चढला. "आता मी काय करायचं, पप्पा? मला गणित म्हणजे तुमच्या आवाजातच येतं. 'काय दिलंय' हे मी वाचते ते तुमच्या आवाजात वाचते. तो आवाज कुठं नेऊन ठेवू?"

सरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. आपण जे बोलू तेही त्याच आवाजात असणार, हे त्यांच्या ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नाझनीनला फोन केला. यावर काही औषध आहे का, उपचार आहे का, विचारलं. नाझनीन म्हणाली की मेंदूचा एखादा भाग चुंबकाने काही काळ मंद करणारी यंत्रं आहेत, परदेशात कुणी कुणी कशाकशासाठी वापरतात. "पण सर, तुमचा आवाज म्हणून वेगळी खोली नसते मेंदूत. तिला गणित ज्या भाषेत येतं ती भाषाच तुम्ही आहात. ती पुसली तर काय उरेल, मला माहीत नाही. मी तरी त्या पोरीच्या डोक्याला हात लावणार नाही."

"मग काय कर म्हणतेस?"

"अंतर पडू दे. दुसरं मला काही सुचत नाही."

तेव्हा सरांनी रजा टाकली आणि पाटणच्या पुढे कोयनेच्या खोऱ्यात बहिणीकडे राहायला गेले. बहीण, आक्का, एकटीच असायची. भाऊ असा अचानक बोचकं घेऊन आला म्हटल्यावर तिने आधी वैजयंतीशी भांडण झालं का म्हणून विचारलं. सरांनी तिला खरं कारण सांगितलं. तिने दोनदा समजून घ्यायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

"म्हणजे तू चांगलं शिकवलंस, म्हणून तुला घर सोडावं लागलं?"

"तसंच काहीसं."

"हे कसलं गं बाई शास्त्र!" आक्का म्हणाली आणि चुलीकडे वळली.

डोंगराच्या कुशीतल्या त्या घरात सरांना करायला काही नव्हतं. ते गोठ्यातलं शेण काढायला लागले, कुंपणाच्या काट्या बदलू लागले. हाताला काम दिलं तरी डोकं कऱ्हाडातच. आत्ता ती उठली असेल, टेबलाशी बसली असेल, पेन्सिलीचं टोक दातात धरलं असेल. तिच्यासमोर कुठला प्रश्न असेल याचा ते अंदाज करत, आणि मग तो आपल्या मनातच सोडवून टाकत. सोडवून झाल्यावर त्यांना चोरी केल्यासारखं वाटे.

नाझनीनचा फोन यायचा. पहिल्या पंधरवड्यात ती उत्साहात होती. "रेघ हलतेय, सर. सपाटी कमी झालीय. भटकतेय ती!" सरांनी त्या दिवशी आक्काला बाजारातून पेढे आणून दिले.

मग फोन कमी होत गेले. शेवटी सरांनीच लावला.

"खरं सांग."

"आधी हलली होती, ते खरंच होतं," नाझनीन म्हणाली. "पण आता वेगळंच दिसतंय. तिला एखादी वाट सुचली की पहिल्यांदा ती तपासते, ही पप्पांची वाट आहे का? असली तर सोडून देते. तुमच्यापासनं पळतेय ती, सर. आणि पळणाऱ्याला सारखं मागं वळून बघावं लागतं. तुम्ही जवळ होता त्यापेक्षा आता तुम्ही तिच्या डोक्यात जास्त आहात."

सरांनी भिंतीला पाठ टेकली. "म्हणजे जवळ राहिलो तरी तेच, लांब गेलो तरी तेच."

"मी हे मोजायलाच नको होतं," नाझनीन म्हणाली. तिचा आवाज ओला होता.

"तू मोजलं नसतंस तरी ते असतंच की."

"असतं. पण कुणाला माहीत नसतं. तिलाही नसतं."

सर उठून गोठ्याकडे गेले.

दरम्यान नाझनीनचा शोध जगजाहीर झाला होता. तिने शोधनिबंधात नाव-गाव न देता सावधपणे लिहिलं होतं, की काही थोड्या मुलांच्या बाबतीत शिक्षकाशी अतिजुळणी झाली तर स्वतंत्र शोध मंदावतो असं दिसतं, आणखी अभ्यास हवा. पण लोकांनी 'काही थोड्या' आणि 'आणखी अभ्यास हवा' हे शब्द गाळून बाकीचं उचललं. शहरांतल्या महागड्या शाळांनी दर तीन महिन्यांनी शिक्षक बदलायला सुरुवात केली. पालक टोप्या विकत घेऊ लागले. मुलाचं एखाद्या बाईंशी फार जमतंय म्हटलं की त्याला दुसऱ्या तुकडीत टाकू लागले. सरांच्या कॉलेजच्या प्राचार्यांनीही फोन करून चाचरत सांगितलं, "शेवाळे सर, रजेवरनं आलात की तुम्हाला एकच वर्ग वर्षभर देता येणार नाही. पालकांचा आग्रह आहे. तुमच्याबद्दल तक्रार नाही हो, उलट तुम्ही फार चांगले आहात म्हणूनच..."

"समजलं," सर म्हणाले.

कोंडी पुण्याला होती. ठरलं होतं की प्रमितीबरोबर वैजयंती जाईल. पण आदल्या सकाळी आक्काच्या घरचा फोन वाजला.

"पप्पा, तुम्ही या," प्रमिती म्हणाली.

"मी आलो तर..."

"न येऊनही तुम्ही असणारच आहात. मग निदान बाहेर तरी बसा. आईला खोट्या खोट्या गप्पा मारता येत नाहीत."

सरही गेले. परीक्षेचं केंद्र बाणेरच्या टेकडीच्या बाजूला होतं. लांबलचक इमारत, एकाला एक लागून दारं, प्रत्येक दारावर आकडा. प्रमितीने आत जाताना वडिलांना वाकून नमस्कार केला. सरांना 'यशस्वी भव'सुद्धा म्हणवेना. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि हा हातही ती आत घेऊन जाईल या भीतीने पटकन काढून घेतला. ती दाराआड गेली.

बाहेर गुलमोहराखाली आईवडिलांची गर्दी होती. कुणी जप करत होतं, कुणी डबे उघडत होतं. वैजयंतीने सरांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. त्या दोघांनी एकमेकांचा हात असा कित्येक वर्षांत धरला नव्हता.

संध्याकाळी दारं उघडली. प्रमिती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता, पण ती शांत होती.

"कसं गेलं?" वैजयंतीने विचारलं.

"दोन झाले. एक अर्धा झाला. एक राहिला." ती झाडाच्या पारावर बसली. "जो राहिला तो सगळ्यात साधा होता. दुपारपासनं त्याच्याशीच झटत होते."

 सर तिच्याकडे न बघता रस्त्याकडे बघत होते.

"सांगते," ती म्हणाली. "आता काय, परीक्षा संपली. एका बांगडीसारख्या गोल कड्यावर मुंग्या आहेत. सगळ्यांचा वेग सारखा. काही इकडनं चालतात, काही तिकडनं. दोन समोरासमोर आल्या की आपटतात आणि दोघी उलट्या फिरतात. असं चालूच. तर सिद्ध करायचं, की कधी ना कधी अशी वेळ येतेच की प्रत्येक मुंगी बरोबर आपापल्या सुरुवातीच्या जागी असते."

"बरं," सर म्हणाले.

"आपटून उलटं फिरणं म्हणजे एकमेकींतनं आरपार जाण्यासारखंच. कोण कुठली हे विसरलं तर फरकच पडत नाही. एवढं मला लगेच दिसलं. म्हणजे एक फेरा पुरा होण्याच्या वेळात सगळ्या जागा पुन्हा भरलेल्या असतात. पण कुठल्या जागेवर कुठली मुंगी, ते काही केल्या हातात येईना. त्यांची अदलाबदल कशीही झालेली असू शकते. तिथं मी अडले आणि..."

सरांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते. मान वळवायची नाही, भुवई हलवायची नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. पण ते ऐकत होते, आणि ऐकणाऱ्या माणसाला समजायचं थांबवता येत नाही. त्यांच्या खांद्यातला ताण किंचित सैल झाला असावा, एवढंच.

प्रमिती वाक्याच्या मध्येच थांबली.

"क्रम," ती म्हणाली. "त्या कधीच एकमेकींना ओलांडत नाहीत. आपटून मागं फिरतात, म्हणजे शेजारीण बदलतच नाही. कशीही अदलाबदल होऊच शकत नाही, अख्खी रांगच काही जागा सरकते. मग पुन्हा एक फेरा, पुन्हा तितकंच सरकणार. सरकत सरकत कधीतरी मूळ जागी..."

 तिने वडिलांकडे बघितलं.

"मी काहीच बोललो नाही," सर म्हणाले. "मितू, मी काही केलं नाही."

"हो ना," ती म्हणाली. "तुम्ही काहीच केलं नाहीत." आणि तिने गुडघ्यांत डोकं घातलं. तिचे खांदे हलू लागले. वैजयंतीने तिला जवळ घेतलं. सर एक पाऊल पुढे आले आणि तिथेच उभे राहिले. रडणाऱ्या लेकीच्या पाठीवर हात ठेवावा की ठेवू नये, हेसुद्धा त्यांना ठरवता येईना.

निकाल लागला तेव्हा यादीत तिचं नाव नव्हतं. फार थोडक्यात हुकलं होतं, असं विद्यापीठाने कळवलं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा बसायला सुचवलं.

प्रमितीने नागपूरच्या एका साध्या कॉलेजात नाव घातलं. तिने कॉलेज बघितलं नाही, फक्त नकाशावरचं अंतर बघितलं. जाताना तिने टोपी नाझनीनला परत पाठवली.

"आता मोजायचं नाही," ती म्हणाली. "आणि पप्पा, आपण फोनवर बोलू. पण गणिताचं नाही. चालेल ना?"

"चालेल," सर म्हणाले.

तसंच चाललं. ती वसतिगृहातल्या वांग्याच्या भाजीबद्दल बोलायची, उन्हाबद्दल बोलायची, खोलीत सोबत राहणाऱ्या आर्वी गावच्या मुलीबद्दल बोलायची. सर कऱ्हाडबद्दल बोलायचे. इतकी वर्षं ज्या दोघांचं बोलणं संपत नसे, त्यांना आता चार वाक्यांनंतर पाचवं शोधावं लागे. सर कॉलेजात नव्या वर्गांवर जात, शिकवत, आणि एखादं पोर फार टक लावून बघायला लागलं की पाठ फिरवून फळ्याकडे तोंड करून बोलत. तीन महिने संपायच्या आत त्यांना दुसरा वर्ग मिळे. मुलांची नावं त्यांनी पाठ करायचं सोडून दिलं होतं.

संक्रांत होऊन गेल्यावर एका रविवारी दुपारी तिचा फोन आला. वैजयंती माहेरी गेली होती. सर एकटेच ओट्यापाशी उभे राहून चहा करत होते.

"पप्पा, नियम मोडू का एकदा?"

सरांनी गॅस बंद केला.

"परीक्षेतलं नाही," ती म्हणाली. "माझं मलाच एक दिसलंय. बरेच दिवस झालेत, पुढं सरकत नाही. मला काही विचारायचं नाही. मोठ्याने नुसतं बोलायचंय."

"बोल."

ती बोलू लागली. आधी हळूहळू, मग भराभर. सर डोळे मिटून ऐकत होते. सुरुवातीचं त्यांना कळलं. मग तिने एक गोष्ट दुसऱ्या गोष्टीला जोडली, ती का जोडली ते त्यांना दिसलं नाही. तिने काही तरी उलटं करून धरलं, आणि त्यांच्या हातून धागा सुटला. त्यांनी तो पुन्हा पकडायचा प्रयत्न केला, तोवर ती बरीच पुढे गेली होती. शब्द सगळे ओळखीचे होते. अर्थ लागत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा लेक गणिताबद्दल बोलत होती आणि ते बाहेर उभे होते.

"...आणि इथं मी अडलेय," तिने संपवलं. ती दम लागल्यासारखी श्वास घेत होती. "पप्पा?"

"आहे मी."

"तुम्हाला कळलं ना?"

सरांनी तोंड उघडलं. 'हो' म्हणावं, तर याच्या पलीकडे काही आहे आणि पप्पांना ते दिसतंय, असं समजून ती पुन्हा वाट बघत बसेल. 'नाही' म्हणावं, तर जिथं आजवर कुणी हात सोडला नव्हता तिथं ती एकदम एकटी पडेल. तिच्या डोक्यात आत्ता कुठली रेघ कुठं जात होती, ते दाखवायला कुठला पडदा समोर नव्हता. असता तरी त्याचा काय उपयोग झाला असता.

"पप्पा, मुद्दाम सांगत नाही ना तुम्ही?"

"नाही गं," सर म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "मला नाही कळलं."

 पलीकडे नागपूरच्या रस्त्यावरून एखादी गाडी गेली, वसतिगृहात कुठेतरी बादली आपटली. सर कान फोनला दाबून उभे होते. ती रडतेय का, हसतेय का, घाबरलीय का, तिच्या श्वासावरून त्यांना एरवी सगळं कळायचं. आज काही कळेना.

"बरं," प्रमिती म्हणाली.

आणि फोन ठेवला.